बोर्ड बदलला म्हणजे दुरुस्ती झाली का?

परवा रात्री साडेनऊला सरांचा फोन आला. "बॅटरी घेऊन ये. आणि येताना कोपऱ्यावरून शंभरचा बल्ब आण. एलईडी नको, जुना तारेचा."

सर म्हणजे आमच्या गल्लीतले आयटीआयचे निवृत्त निदेशक. त्यांच्या पडवीत टेबलावर एक छोटं मिलिंग मशीन आहे. हौसेने घेतलेलं. रविवारी आयटीआयची तीन-चार पोरं तिथे हात बसवायला येतात. कुणाच्या फवारणी पंपाचा एखादा भाग मोडला तर तोही पितळेत करून मिळतो. पैसे विचारले की सर चिडतात.

रविवारी हे मशीन स्पीडचं बटण शून्यावर असताना सुसाट सुटलं. एका पोराची बोटं कटरपासून चार बोटांवर होती. दुसऱ्याने लाल बटण दाबलं म्हणून निभावलं.

मित्रांनो, यातली खरी गंमत पुढे आहे. चारच महिन्यांपूर्वी मशीन असंच बिघडलं होतं. विकणाऱ्याने नवा कंट्रोलर बोर्ड पाठवला, साडेआठ हजार घेतले. आता पुन्हा फोन केला तर पुन्हा तेच उत्तर, "पूर्ण बोर्ड बदलावा लागेल." सर्किट डायग्राम मागितला. "तो आम्ही देत नाही." बोर्डावरच्या मुख्य आयसीचा नंबरसुद्धा घासून काढलेला. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओत पाठीमागचं झाकण उघडलं की कित्येकदा आत सर्किटचा कागद चिकटवलेला सापडायचा. आता झाकण उघडलं की वॉरंटी गेली.

हा बोर्ड करतो काय, ते आधी सांगतो. घरातल्या 230 व्होल्ट एसीचं डीसी करतो आणि ते मोटरला सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून देतो. चालूचा वेळ जास्त, तर मोटर जोरात. हे चालू-बंद करणारा भाग म्हणजे मॉस्फेट. तो जळून आतल्या आत जोडला गेला की बटण कुठेही असो, मोटरला पूर्ण करंट.

सरांनी आधी प्लग काढला आणि चहा मागवला. "दहा मिनिटं हात लावायचा नाही. कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्ट बसलेले असतात." मग मीटर लावून ते उतरल्याची खात्री केली. त्यानंतर माझ्या बल्बचा नंबर लागला. आपले वायरमन वापरतात तोच सिरीज बोर्ड. मशीन आणि लाईटच्या मध्ये बल्ब. काही शॉर्ट असलं तर बल्ब पेटतो, बोर्ड वाचतो.

मोटरची वायर काढून लाईट दिली. बल्ब क्षणभर लुकलुकला आणि विझला. म्हणजे डीसी करणारा भाग ठीक. मोटर जोडली, बटण शून्यावरच. बल्ब पेटून राहिला आणि स्पिंडल हळूहळू फिरायला लागला. पुन्हा सगळं बंद, पुन्हा दहा मिनिटं. मग मॉस्फेटला मीटर लावला, दोन्ही बाजूंनी बीप. मेला होता.

मी म्हटलं, "सापडला की सर! नवीन टाकू." एका पोराचंही तेच मत, नाहीतर अख्खा बोर्डच बदलू म्हणाला.

"मेलेला सापडला. मारणारा कुठाय?"

मग मोटर उघडली. दोन्ही कार्बन झिजून स्प्रिंगपर्यंत आलेले. कम्युटेटरच्या खाचांत काळी पूड गच्च भरलेली. त्या पुडीतून एका पट्टीचा करंट शेजारच्या पट्टीत जायचा, ठिणग्या उडायच्या, मोटर मधूनच भलताच करंट ओढायची. तो मार मॉस्फेट खात होता. पहिला बोर्ड बहुतेक त्यानेच गेला, दुसरा तर नक्कीच. तिसराही गेला असता. पुन्हा साडेआठ हजार, आणि पुन्हा कुणाची तरी बोटं कटरजवळ.

कार्बनची जोडी गावातच ड्रिल मशीनवाल्याकडे मिळाली, घासून बसवली. मॉस्फेट पुण्याहून पासोड्या विठोबाजवळच्या दुकानातून कुरिअरने आला. सगळे मिळून चारशेच्या आत. मशीन चालू आहे.

आता माझ्या धंद्याबद्दल. 24 डिसेंबर 2022 ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, केंद्राने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. शेती अवजारं, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं. मी प्रेसनोटवरून तीन कॉलम बातमी लावली होती. ते सक्तीचं आहे का, हा प्रश्न त्या दिवशी विचारला नाही, याची लाज वाटते. डायग्राम दिलाच पाहिजे असं कंपनीला बांधणारा कायदा आजही नाही. आणि त्या चार नावांत अशी छोटी वर्कशॉपची मशीनं कुठे बसतात, हे मला तरी दिसलेलं नाही. खरं तर यांच्यावरच पोरं शिकतात, यांच्यावरच कुणीतरी घरी धंदा सुरू करतो.

विकणारे म्हणतात, अडाणी माणसाने उघडलं तर शॉक बसेल. बरोबर आहे. या प्रकारच्या बऱ्याच बोर्डांत स्पीडच्या बटणाकडे जाणाऱ्या बारीक वायरसुद्धा थेट मेन लाईनला जोडलेल्या असतात, शिकलेला माणूसही फसतो. पण मग धोका कुठे आहे हे छापून द्या ना! कागद लपवल्याने उघडणारे थांबत नाहीत, आंधळेपणाने उघडतात. आणि कार्बन ठरावीक तासांनी तपासा ही एक ओळ पुस्तिकेत असती तर हे काहीच झालं नसतं. चौदा पानांची पुस्तिका मी रात्री बसून वाचली. त्यात कार्बन हा शब्द नाही.

आपले आमदार-खासदार आयटीआयच्या कार्यक्रमांना येतात, कौशल्यावर बोलतात. पुढच्या वेळी आले की मी एवढंच विचारणार आहे, सरकारी पैशातून आयटीआयला जे मशीन घ्याल, त्यासोबत सर्किट डायग्राम आणि सुट्या भागांची यादी देण्याची अट टेंडरमध्ये टाकणार का? याला नवा कायदा लागत नाही. एक ओळ लागते.

सरांनी दोन रात्री बसून त्या बोर्डाचं सर्किट हाताने कागदावर उतरवलंय. झेरॉक्स माझ्या ऑफिसात ठेवल्यात. कुणाकडे असलं मशीन असेल तर संध्याकाळी सातनंतर या, घेऊन जा. येताना मोटरचे कार्बन मात्र बघून या.