पहिली शर्यत गावच्या मातीत

मुंबई-पुणे सायकल शर्यत खोपोलीतून बोरघाट चढते आणि घाटात जो सर्वांत पुढे राहतो, तो ‘घाटाचा राजा’ ठरतो. एवढा मोठा किताब आपल्या दारात ठरतो. आपल्या मुलांच्या वाट्याला मात्र रस्त्याकडेला उभं राहून टाळ्या वाजवणंच येतं. महागडी रेसिंग सायकल, लांब पल्ल्याचा रोजचा सराव आणि भरधाव कंटेनरांचा रस्ता, यातलं दहा वर्षांच्या मुलाला काही झेपणारं नाही. त्याच्यासाठी शर्यत हवी ती गावात, रहदारीपासून लांब, मातीच्या ट्रॅकवर. म्हणूनच कर्जत आणि खालापूर तालुक्यांत बीएमएक्स रेसिंग सुरू व्हावं, असं मी आग्रहाने म्हणतो.

हा खेळ मुलांनीच जन्माला घातला. १९७०च्या सुमारास कॅलिफोर्नियातली पोरं मोटोक्रॉसवाल्यांची, म्हणजे मातीत मोटारसायकली पळवणाऱ्यांची, नक्कल करत घरच्या छोट्या सायकली पडीक जागेतल्या उंचवट्यांवर दामटू लागली. १९८२ मध्ये त्याची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि २००८ मध्ये बीजिंगला तो ऑलिंपिकमध्ये पोहोचला. वीस इंची चाकं, एकच गिअर, मागचा ब्रेक आणि मजबूत सांगाडा, एवढीच ही सायकल. उतारावर आठ जण पुढचं चाक फाटकाला टेकवून उभे राहतात, फाटक खाली पडतं आणि तीन-चारशे मीटरचा ट्रॅक चाळीस सेकंदांच्या आत संपतो.

मला यातली सर्वांत मोलाची वाटते ती शर्यतीची रीत. गट वयानुसार पडतात. क्लबच्या स्पर्धेत साधारणपणे प्रत्येकाला तीन फेऱ्या मिळतात आणि तिन्हींतल्या क्रमांकांची बेरीज करून पुढे कोण जाणार ते ठरतं. आपल्या शालेय स्पर्धांत पहिल्याच फेरीत मागे पडलेलं पोर डबा खाऊन घरी येतं. इथे पहिल्या फेरीत आपटलेल्या मुलीला त्याच दिवशी आणखी दोनदा फाटकाशी उभं राहता येतं. नवशिक्याला खेळात टिकवायचं तर अशी संधी द्यायलाच हवी.

शिकवताना उड्यांची घाई नको. आधी सीटवरून उठून, पेडल समपातळीत ठेवून, गुडघे आणि कोपरं सैल सोडायची. मग छोट्या उंचवट्यांच्या रांगेवरून चाकं जमिनीला चिकटवूनच जायचं. चढताना हातपाय दुमडून घ्यायचे, उतरताना सायकल खाली दाबायची. हे जमलं की पेडल न मारताही वेग वाढतो. त्यानंतर वळण आणि शेवटी फाटकावरची सुरुवात. घरची सायकल या पहिल्या धड्यांना चालेल, पण तिचे ब्रेक नीट असावेत आणि स्टँड, कॅरिअर आधी काढून ठेवावेत. उडीसाठी ती कधीच वापरू नये, कारण तिचा पुढचा चिमटा त्या आदळण्यासाठी बनवलेला नसतो. पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, फुल पँट आणि बंद बूट यांत तडजोड नाही.

ट्रॅकसाठी मोठी जागा लागेल, ही भीती अनाठायी आहे. शिकण्यापुरती उंचवट्यांची गोल वाट पाच-सात गुंठ्यांत बसते. आपल्याकडे मुरूम आहे आणि भातखाचरांचे बांध घालणारे हातही आहेत. मातीचे थर देत, पाणी मारत, धुम्मस करत उंचवटे उभारायचे आणि वळणाच्या बाहेरच्या अंगाला उंच बांध घालायचा. खरी परीक्षा पाण्याच्या निचऱ्याची. आपल्या पावसापुढे उघडी माती टिकत नाही. म्हणून सखल जागा टाळावी, दोन उंचवट्यांच्या मधून पाण्याला वाट ठेवावी, पावसाळ्यात ट्रॅक बंद ठेवावा आणि भात झोडून झालं की श्रमदानाने डागडुजी करावी. दिवाळीनंतर मेपर्यंतचा हंगाम मुलांना पुरेसा आहे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला खर्चाचा. प्रत्येक घराने सायकल विकत घ्यायची म्हटलं तर आदिवासी वाड्यांतली मुलं बाहेरच राहतील. म्हणून सायकली आणि हेल्मेटं सामाईक असावीत, शाळेच्या खोलीत ठेवावीत आणि आठवड्याच्या वेळापत्रकाने वापरावीत. खोपोली पट्ट्यातल्या कारखान्यांकडे यासाठी मदत मागायला हरकत नाही. दुसरा आक्षेप, खेड्यात असलं चालत नाही, हा. मध्य प्रदेशातल्या पन्ना जिल्ह्यात जनवार नावाच्या खेड्यात २०१५ मध्ये स्केटबोर्डचं मैदान झालं. शाळा बुडवली तर स्केटबोर्ड नाही आणि आधी मुलींची पाळी, असे तिथले दोन नियम. त्याच गावातली आशा गोंड २०१८ मध्ये चीनमधल्या जागतिक स्पर्धेत उतरली.

मुलींबाबतचा तो नियम आपण जसाच्या तसा घ्यावा. ब्रिटनच्या बेथनी श्रीव्हरला निधी मिळेना, तेव्हा तिने शाळेत मदतनिसाचं काम केलं, लोकांकडून पैसे उभे केले आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये बीएमएक्स रेसिंगचं सुवर्णपदक जिंकलं. कोलंबियाच्या मारियाना पाहोनने त्याच शर्यतीत २०१२ आणि २०१६ अशी सलग दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवली. आपल्याकडे सायकल चालवत शाळेत जाणाऱ्या मुली गावोगाव आहेत, त्यांच्यासाठी शर्यत कुणी भरवलेली नाही.

पुढच्या ग्रामसभेत पालकांनी आणि क्रीडाशिक्षकांनी मिळून जागेचा विषय मांडावा. ठराव करताना वर्षाच्या डागडुजीची जबाबदारी कुणाची, तेही लिहून घ्यावं. आणि पहिला निधी हाती आला, की ढाली आणि चषक घेण्याआधी हेल्मेटं घ्यावीत.