ड्राइव्ह बदलून मिळेल, फुटेजचे काय?

लग्नसराई उतरली की आमच्याकडे एकाच तक्रारीची पत्रे येऊ लागतात. यंदाही आली. पोर्टेबल ड्राइव्ह टकटक करून बंद पडली, आत दोन-तीन पार्ट्यांचे रॉ फुटेज, आणि कार्डे केव्हाच फॉरमॅट होऊन पुढच्या ऑर्डरला लागलेली.

ड्राइव्ह वॉरंटीत असते, म्हणून आपला माणूस सर्व्हिस सेंटर गाठतो. तिथे बिल बघतात, सिरियल नंबर टाकतात आणि बदली ड्राइव्ह देऊ म्हणतात. ती बहुधा दुरुस्त केलेली असते आणि जुनी परत मिळत नाही, म्हणजे पार्टीचे घरगुती फोटो परक्याच्या हाती. डेटा हवा तर रिकव्हरीवाल्याकडे जा. त्याने झाकण उघडले की सील तुटले, वॉरंटी संपली. काही कंपन्यांच्या नियमांत मान्यताप्राप्त रिकव्हरी लॅबने उघडलेली ड्राइव्ह वॉरंटीत घेण्याची सोय आहे. काउंटरवर ती कुणाला ठाऊक नसते आणि विचारून घेण्याची तसदीही कुणी घेत नाही. याची चीड येते. वर ‘तुम्ही धंदेवाले, ग्राहक नव्हे’ असेही ऐकवले जाते. हे साफ चूक आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची धरली जात नाही. एकट्याने स्टुडिओ चालवणाऱ्याने हे ठणकावून सांगावे.

खोक्यावर टीबी ठळक छापतात. आतली डिस्क एसएमआर (एकमेकांवर चढणारे ट्रॅक) की सीएमआर (सुटे ट्रॅक), हे मात्र नाही. नॅससाठीच्या रेड मालिकेतल्या काही ड्राइव्ह एसएमआर आहेत, हे वेस्टर्न डिजिटलने 2020 मध्ये बोभाटा झाल्यावरच सांगितले. एसएमआरवर अख्ख्या लग्नाचे फुटेज एकदम ओतले की वेग कोसळतो. कॉपी अडकली समजून कुणी केबल ओढतो आणि एक्सफॅटचा घोळ होतो. एसएसडी घेतली म्हणून निर्धास्त राहू नका. 2023 मध्ये सॅनडिस्क एक्स्ट्रीम मालिकेच्या काही पोर्टेबल एसएसडी डेटासकट गेल्या आणि कंपनीला फर्मवेअर बदलावे लागले.

आता आपल्याच मंडळींना. ड्राइव्हच्या स्मार्ट नोंदी वाचणारे क्रिस्टलडिस्कइन्फो निळे दाखवते म्हणून एका प्रतीवर विसंबणे बंद करा. गूगलने 2007 मध्ये लाखाहून अधिक ड्राइव्हचा अभ्यास मांडला. बंद पडलेल्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक ड्राइव्हच्या स्मार्ट नोंदींत तापमान सोडता कसलीच खूण नव्हती. दोन वेगळ्या ड्राइव्हवर प्रत झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका, आणि त्यातली एक स्टुडिओबाहेर ठेवा. बऱ्याच पोर्टेबल ड्राइव्हमध्ये यूएसबी पोर्ट थेट बोर्डावर असतो. तो निखळला की डिस्क दुसऱ्या केसमध्ये घालून चालत नाही. संग्रहासाठी साडेतीन इंची सीएमआर ड्राइव्ह आणि डॉक घ्या. दुसऱ्या ड्राइव्हचा खर्च कोटेशनमध्येच धरा.

वॉरंटी नाकारली तर उत्तर लेखी मागा, 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि बिलासह त्या उत्तराची प्रत आमच्याकडे पाठवा. सगळी प्रकरणे एकत्र करून आम्ही कंपन्यांपुढे ठेवणार आहोत. तोंडी नकार घेऊन कुणीही घरी परतू नये.