जुने हरितगृह मोडू नये, मोकळे करावे

घराच्या मागील अंगणात फायबरच्या पत्र्यांचे जुने हरितगृह पडून असले, म्हणजे त्याविषयी दोन मते ऐकू येतात. ते मोडून भंगारात द्यावे, असे काहींचे म्हणणे असते. तर पूर्वीप्रमाणे चारही बाजूंनी बंद करून त्यात पुन्हा लागवड करावी, असे इतर सांगतात. आमच्या मते हे दोन्ही मार्ग कोकणपट्टीस मानवणारे नाहीत. कांजूरमार्गसारख्या खाडीकाठच्या उपनगरात अशा हरितगृहाचे छप्पर दुरुस्त करून राखावे आणि भिंती काढाव्यात, हेच हिताचे होय.

हरितगृह ही मुळात थंड देशांची सोय आहे. पत्र्यातून आत आलेल्या उन्हाने माती व पाने तापतात आणि तापलेली हवा बाहेर पडू शकत नाही. जेथे हिवाळ्यात बर्फ पडते, तेथे ही कोंडलेली ऊब पिकास जगविते. कांजूरमार्गच्या पूर्वेस मिठागरे व ठाण्याची खाडी आहे. तेथील हवा दमट असून उबेची वाण कोणत्याही महिन्यात नाही. अशा ठिकाणी बंद हरितगृहात दुपारी टोमॅटोची फुले गळतात, आणि रात्री पत्र्याच्या आतील बाजूस जमलेले पाणी पानांवर ठिबकून बुरशीस आमंत्रण मिळते.

येथे पिकाचा खरा शत्रू आहे तो मुसळधार पाऊस. मुंबई उपनगरात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. २६ जुलै २००५ रोजी तर सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. अशा पावसाने कोथिंबीर आडवी होते, पालकाची पाने चिखलाने माखून सडतात आणि वाफ्यातील कोवळी रोपे बुडाशी कुजून कोलमडतात. नेमक्या याच दिवसांत बाजारात पालेभाजी महाग असते. म्हणून ज्याच्या अंगणात प्रकाश देणारे व पाऊस अडविणारे छप्पर आधीच उभे आहे, त्याने ते भंगारात देणे म्हणजे हातचे घालविणे आहे.

याउलट, नवे पॉलिहाऊस का उभारू नये, असा प्रश्न विचारला जातो. तळेगाव दाभाडे परिसरात पॉलिहाऊसमधील गुलाबाची शेती भरभराटीस आली आहे. परंतु ती घाटमाथ्याच्या थंड हवेत, बाजारासाठी व मोठ्या क्षेत्रावर केली जाते. घरापुरत्या भाजीसाठी तो खर्च परवडत नाही. शिवाय पॉलिहाऊसचा प्लॅस्टिकचा कागद साधारणपणे तीन ते पाच वर्षांत बदलावा लागतो.

दुरुस्तीपूर्वी पत्र्याची परीक्षा करावी. फायबरचा पत्रा म्हणजे रेझिनमध्ये बसविलेले काचेचे तंतू होत. उन्हाने वरचे रेझिन झिजते, तंतू उघडे पडतात आणि त्यांत धूळ व शेवाळ बसून पत्रा पिवळट व अंध होतो. अंगठ्याने दाबल्यावर जो पत्रा कुरकुरतो किंवा तडकतो, तो टाकून द्यावा. जो अद्याप ताठ आहे, तो सौम्य साबणाच्या पाण्याने व मऊ ब्रशाने धुवावा, ओला पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवावा आणि पूर्ण वाळल्यावर पत्र्यासाठी मिळणाऱ्या पारदर्शक रेझिनचा हात द्यावा. हे काम डिसेंबर ते फेब्रुवारी या कोरड्या महिन्यांतच करावे, कारण दमट हवेत लेप नीट धरत नाही.

काढलेले भिंतींचे चांगले पत्रे वाया जाऊ देऊ नयेत. छपरावरील बाद पत्र्यांच्या जागी ते बसवावेत आणि उरलेल्यांनी वळचण दोन फूट पुढे वाढवावी. पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो. त्या बाजूस कमरेइतक्या उंचीची आडभिंत ठेवावी. बाकीच्या बाजूंस कीटकरोधक जाळी पुरे. एप्रिल-मेमध्ये छपराखाली निम्मी सावली देणारी जाळी ताणावी व पावसाळ्यात ती काढून घ्यावी.

मात्र भिंती काढल्या, की वारा छपराखाली शिरून त्यास वर उचलू पाहतो. जून २०२० मधील निसर्ग आणि मे २०२१ मधील तौक्ते ही चक्रीवादळे कोकणाने पाहिली आहेत. म्हणून खांब पायाशी घट्ट करावेत व त्यांस तिरके आधार द्यावेत. खाऱ्या हवेने लोखंड लवकर गंजते. गंज तारेच्या ब्रशाने खरवडून रेडऑक्साइड व रंग लावावा आणि गंजलेले स्क्रू बदलून जस्ताचा मुलामा असलेले बसवावेत. स्क्रू रबरी वॉशरसह, पत्र्याच्या उंचवट्यावर असावा. खोलगट भागात मारल्यास तेथून पाणी गळते.

या कामात जिवाची काळजी प्रथम घ्यावी. जुन्या पत्र्यावर कधीही पाय देऊ नये. तो वरून धड दिसला तरी माणसाच्या भाराने फुटतो. कैचींवर आडव्या फळ्या टाकून किंवा खालून शिडी लावूनच काम करावे. घासताना व कापताना उडणारी काचेची धूळ डोळे, त्वचा व श्वासनलिका यांस त्रास देते. यास्तव मुसके, चष्मा, हातमोजे व पूर्ण बाह्यांचे कपडे वापरावेत, वाफे झाकून ठेवावेत आणि धूळ ओली करूनच गोळा करावी. तुकडे जाळू नयेत. त्यांचा धूर घातक असतो.

मोडून टाकण्यास आमचा विरोध आहे, त्याचे आणखी एक कारण आहे. फायबरचा पत्रा कुजत नाही आणि लोखंडासारखा वितळवून पुन्हा वापरताही येत नाही. भंगारवालाही सांगाडा नेतो व पत्रे टाकून जातो. शहराच्या कचऱ्याचा भार काय असतो, हे कांजूरमार्गच्या रहिवाशांस सांगावयास नको. जो पत्रा अजून काही वर्षे छप्पर म्हणून उभा राहू शकतो, तो त्या ढिगात आजच कशास घालावा?

छपरास पन्हळ लावल्यास लाभ दुप्पट होतो. दहा फूट रुंद व वीस फूट लांब छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे १८ लिटर पाणी मिळते. म्हणजे २०० लिटरचे पिंप एका चांगल्या सरीत भरते. हे पाणी पिण्यास नव्हे, झाडांस वापरावे. पिंपावर घट्ट झाकण असावे, नाहीतर डासांची पैदास होऊन घरात डेंग्यू व हिवताप येईल.

पुढील देखभाल थोडीच आहे. मेअखेर सर्व स्क्रू व आधार तपासावेत, पावसाळ्यात पंधरा दिवसांनी पन्हळीतील पाला काढावा, आणि पाऊस सरल्यावर शेवाळ धुवावे. रोपे लांबट व फिकट होऊ लागली, तर छपरातून प्रकाश कमी येत आहे असे समजावे.

वसई, ठाणे, रायगड, रत्नागिरी येथील बंधूंसही हेच लागू आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांस आमची सूचना अशी की, जुन्या हरितगृहाविषयी कोणी सल्ला विचारल्यास नव्याचे अंदाजपत्रक पुढे करण्याआधी त्या जागी जावे, पत्रे व खांब हाताने तपासून पाहावेत, आणि यंदाच्या पावसाआधी एक वाफा कोथिंबिरीचा व एक रोपांचा त्या छपराखाली धरता येईल की नाही, हे त्या कुटुंबास स्पष्ट सांगावे.