मी डोळ्यांनी पाहिलं होतं!

परवा संध्याकाळी अलिबागच्या समुद्रावर दोन बायकांचं जुंपलेलं ऐकलं. दोघी पाहुण्याच, एकाच लग्नाला आलेल्या. एक म्हणत होती, "कुलाबा किल्ल्यात आम्ही चालत गेलो, घोट्याएवढंही पाणी नव्हतं." दुसरी म्हणाली, "काहीतरीच काय! आम्ही होडीतून गेलो. मधे चांगला समुद्र आहे." पहिलीने मोबाइलमधले फोटो काढून दाखवले, तर दुसरीनेही काढले. भेळवाल्याला हसू आवरेना. आम्हा अलिबागकरांना यात काय नवल? एक ओहोटीला गेली असणार, दुसरी भरतीला.

मी त्यांना सांगितलं, दोघी खजील होऊन हसल्या आणि विषय संपला. घरी येताना मात्र मला माझी एक जुनी साक्ष आठवली. तिच्या वेळी समजावून सांगणारं कोणी नव्हतं. म्हणजे, होतं. मी विचारलं नाही.

हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट आपण शाळेत शिकलो. ती 'उदान' या पाली ग्रंथातही आहे, आणि त्यातले तपशील वाचून मी चकित झाले. वेगवेगळ्या मतांचे संन्यासी आपसात कडाकडा भांडत होते, तेव्हा बुद्धाने ती सांगितली. श्रावस्तीच्या राजाने नगरातले सगळे जन्मांध बोलावले आणि त्यांना हत्ती दाखवला. कुणाला डोकं, कुणाला कान, कुणाला शेपटी. मग विचारलं, हत्ती कसा असतो? डोकं चाचपणारे म्हणाले घागरीसारखा. कान धरणारे म्हणाले सुपासारखा, सुळेवाले नांगराच्या फाळासारखा. पाठ लागली ते उखळ म्हणाले, शेपटीवाले मुसळ, आणि शेपटीच्या टोकाचे केस हाती आले ते केरसुणी! पालीत सुपाला 'सुप्प' म्हणतात आणि मुसळाला 'मुसल'. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीची ती यादी थेट आपल्या आजीच्या माजघरातली.

मला वाटतं गोष्टीतली मेख तिथेच आहे. त्या लोकांच्या हाताला लागलं ते खोटं नव्हतं. पण उरलेला हत्ती त्यांनी आपापल्या घरातल्या भांड्याकुंड्यांनी पुरा केला. आणि मग गुद्दागुद्दीवर आले. राजा ते बघून खूश झाला म्हणे! या राजाचा मला फार राग येतो. प्रत्येक आळीत असा एक राजा असतोच.

बुद्धाचा हा विचार आपल्या किनाऱ्यालाही परका नाही. मांदाडजवळ खाडीच्या वर कुड्याची लेणी आहेत, सव्वीस. कॉलेजची ट्रिप गेली होती तेव्हा मला तिथे वटवाघळं दिसली आणि भिंतीवर काही ओरखडे. ते ओरखडे म्हणजे ब्राह्मी शिलालेख, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. त्यांत दान देणाऱ्यांची नावं आहेत. माळी, वैद्य, लोखंडाचा व्यापारी, आणि भिक्षुणीसुद्धा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या बायकांची नावं माझ्यासमोर होती आणि मी डबा कुठे उघडायचा ते बघत होते.

गावातलीच चुंबकीय वेधशाळा घ्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी मोजमापं बिघडतील, म्हणून कुलाब्याचं काम इथे आणलं. १९०४ पासून अलिबागेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होते आहे. ज्या दिवशी तिथल्या यंत्रावर चुंबकीय वादळाची नोंद होते, त्या दिवशी आम्ही अंगणात निवांत जवळा वाळत घालत असतो. आपल्याला ते जाणवणारं इंद्रियच नाही. पण त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. माझ्या बाबतीत घडलं ते वेगळं.

वीसेक वर्षं झाली. आत्याला लाँचवर बसवायला मी मांडव्याला गेले होते. धक्क्यावर शेजारची मुलगी दिसली. कॉलेजचा वार, सकाळची वेळ, बरोबर एक मुलगा, त्याच्या हातात बॅग. दोघं घाईघाईने लाँचमध्ये चढली. तिने मला पाहिलं नाही. मी मात्र नीट पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं!

संध्याकाळी तिच्या आईला सांगितलं. वाईट हेतू नव्हता हो. "तुझी मुलगी म्हणजे माझीच," असंही म्हणाले. मुलगी रडून रडून सांगत राहिली की मैत्रिणीच्या वडिलांना मुंबईच्या हॉस्पिटलात न्यायचं होतं, मैत्रीण परीक्षेला अडकली होती, आणि तो तिचा भाऊ. आई म्हणाली, "काकू कशाला खोटं बोलतील?" मुलीचं कॉलेज बंद झालं. पुढच्या मे महिन्यात लग्न.

बऱ्याच वर्षांनी एका हळदीकुंकवाला तीच मैत्रीण भेटली. बोलता बोलता म्हणाली, "बाबांच्या आजारपणात तिने फार केलं. त्या दिवशी दादा फाइली सांभाळत होता आणि ही बाबांना धरून लाँचमध्ये खाली बसली होती." वडील आधीच आत जाऊन बसले होते. धक्क्यावरून लाँचच्या आतलं मला दिसलंच नव्हतं. एक मुलगी, एक मुलगा, एक बॅग. बाकीचा हत्ती मी माझ्या घरातल्या सुपाने आणि केरसुणीने पुरा केला.

मी तिच्या आईकडे गेले. ती म्हणाली, "आता कशाला उकरून काढता? सुखात आहे ती."

सुखात आहे! चीनमध्ये ताओ विचाराचा च्वांग त्सू नावाचा एक मोठा माणूस होऊन गेला, दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी. तो मित्राबरोबर नदीच्या पुलावर उभा होता. खालचे मासे बघून म्हणाला, किती मजेत आहेत! मित्र पडला तर्कपंडित. तू मासा नाहीस, तुला माशांची मजा काय कळणार? च्वांग त्सू म्हणाला, तू तरी कुठे मी आहेस? मला कळत नाही हे तुला कसं कळलं? वाद पुढे थोडा चालतो, आणि शेवटी तो एवढंच म्हणतो की मला कळलं, ते इथे पुलावर उभं राहून. पूर्वी मला त्या मित्राचंच पटायचं. आता वाटतं, पुलावरून पाहिलं हे च्वांग त्सूने कबूल तरी केलं. मीही धक्क्यावरूनच पाहिलं होतं, पण सांगताना तेवढं गाळलं.

तुम्ही म्हणाल, मग काय डोळे मिटून बसायचं? शेजारच्या सुनेच्या दंडावर वळ दिसले तरी गप्प राहायचं? मुळीच नाही. गप्प राहून किती जणींचं वाटोळं झालंय ते आपण सगळ्या जाणतो. पण वळ दिसले तर आधी तिच्याशीच बोलायचं ना, तिला एकटीला गाठून. मी गेले ती आईकडे. लाँचमध्ये काय होतं हे माहीत असलेली गावात एकच मुलगी होती, आणि नेमकं तिलाच मी विचारलं नाही.

गेल्या दिवाळीत ती माहेरी आली होती. धीर करून गेले. पडवीत मेथी निवडत बसली होती. माझं सगळं तिने ऐकून घेतलं, हात न थांबवता.

"काकू, तुम्ही खोटं कुठे बोललात?" ती म्हणाली. "दिसलं तेच सांगितलंत. म्हणून तर माझं कोणी ऐकलं नाही."

मग म्हणाली, "मला बी.ए. झाल्यावर बी.एड. करायचं होतं."

मला काही बोलता येईना. मी जुडीतल्या चार काड्या हातात घेतल्या आणि तिच्याबरोबर निवडायला लागले. तिने नको म्हटलं नाही.