मोटार बंद पडली. दुरुस्तीची किल्ली कोणाकडे?

सायकल हे श्रमिकांचे वाहन झाले, ते ती केवळ स्वस्त होती म्हणून नव्हे. गावच्या कारागिराला उघडता येणार नाही असा तिचा एकही भाग नव्हता, हे त्याचे खरे कारण. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांच्या जंगलपट्ट्यात आजही पाना, पक्कड आणि पंक्चरचे साहित्य एवढ्या भांडवलावर सायकलीची दुकाने चालतात. मानव विकास कार्यक्रमातून सायकल मिळालेली मुलगी वर्षभर शाळेला जाऊ शकते, यात या दुकानांचा वाटा मोठा आहे.

आता याच सायकलीला विजेची मोटार बसली आहे. मोटार २५० वॅटच्या आतली आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आतला असेल, तर केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे अशा सायकलीला ना नोंदणी लागते, ना परवाना. जेथे एस.टी.ची तासन्‌तास वाट पाहावी लागते, तेथे हे वाहन वरदान ठरू शकते. पण एके दिवशी मोटार बंद पडते आणि विक्रेता सांगतो, ‘कंपनीच्या केंद्रात न्या.’ सिरोंच्याहून नागपूर तीनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. मजुरी बुडवून एवढ्या अंतरावर सायकल न्यायची कोणी आणि कशी?

वस्तुतः बिघाड बहुधा किरकोळ असतो, आणि तो शोधण्याची रीत कोणासही शिकता येण्याजोगी आहे. प्रथम दिवा किंवा दर्शक लागतो का, ते पाहावे. लागत नसेल तर दोष बॅटरीच्या स्विचमध्ये, फ्यूजमध्ये किंवा गंजलेल्या जोडणीत शोधावा. ३६ व्होल्टची लिथियम बॅटरी पूर्ण भरल्यावर सुमारे ४२ व्होल्ट दाखवते. उभी असताना व्होल्ट ठीक, पण चढावर एकदम घसरतात, असे असेल तर बॅटरीच थकली आहे असे समजावे.

दिवा लागतो पण चाक फिरत नाही, अशा वेळी पहिला संशय ब्रेकच्या दांडीतील स्विचवर घ्यावा. ब्रेक दाबताच मोटार तोडण्यासाठी तो बसवलेला असतो. पावसाळ्यात त्यात पाणी-चिखल शिरून तो अडकला, की ब्रेक सतत दाबलेलाच आहे असे नियंत्रकाला वाटते. चाक जमिनीवरून उचलून धरावे आणि त्या स्विचची जोडणी क्षणभर सोडून पाहावी. बहुतेक बनावटींत मोटार लगेच फिरू लागते. पायडलजवळील चुंबकांची चकती चिखलाने भरली असेल तर ती पुसावी. मोटार नुसती थरथरत असेल, तर आसाजवळ वायर जेथे चाकात शिरते ती जागा तपासावी. तेथे तीन जाड आणि पाच बारीक तारा असतात, आणि त्यांपैकी एक तुटली तरी मोटार लंगडते. चाक हाताने फिरवताना अडखळत असेल, पण नियंत्रकापासून मोटार सोडवताच मोकळे फिरत असेल, तर नियंत्रक जळलेला असण्याचा संभव मोठा.

या सर्व तपासणीला काहीशे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो. अपवाद फक्त बॅटरीच्या आतल्या भागाचा. प्रशिक्षणाशिवाय ती उघडणे म्हणजे आगीशी खेळ होय. चंद्रपूरच्या ४६-४७ अंशांच्या उन्हाळ्यात उन्हात तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावणे हेही टाळले पाहिजे.

मग अडते कोठे? तारांचा नकाशा ग्राहकाला दिला जात नाही. सुटा भाग बाजारात मिळत नाही. काही महाग बनावटींत बॅटरी आणि नियंत्रक यांची संगणकीय गाठ अशी मारलेली असते, की कंपनीच्या यंत्राशिवाय ती सुटत नाही. वस्तू ग्राहकाची आणि किल्ली कंपनीची, असा हा व्यवहार आहे.

गडचिरोलीला हा अनुभव नवा नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. कागदावर बांबू ग्रामसभेचा झाला. पण वाहतूक परवान्याचे पुस्तक वनखात्याच्या कपाटात राहिले. परवान्याविना बांबू विकता येईना, म्हणजे हक्क असूनही नसल्यासारखाच. एप्रिल २०११ मध्ये ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले, तेव्हा कोठे मालकीला अर्थ प्राप्त झाला. दुरुस्तीचे ज्ञान हे विजेच्या सायकलीचे परवाना-पुस्तक आहे.

डॉ. राममनोहर लोहिया लहान घटकाच्या यंत्राचा आग्रह धरीत. तथापि यंत्र आकाराने लहान असले म्हणून ते लोकांचे होत नाही. ते समजून घेण्याची, उघडण्याची आणि पुन्हा जोडण्याची सत्ताही लोकांकडे असावी लागते. २,९२० मेगावॅटच्या वीज केंद्राची राख आणि धूर सोसणाऱ्या चंद्रपूर जिल्ह्यातच ३६ व्होल्टची मोटार जोडायला परक्याची वाट पाहावी लागावी, यासारखी विसंगती दुसरी नाही.

केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला एक पोर्टलही उघडले. परंतु पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. युरोपीय संघाने २०२३ च्या बॅटरी नियमांतच लिहून ठेवले, की अशा वाहनांची बॅटरी, तिच्यातील सुट्या घटांसह, स्वतंत्र कारागिराला काढता व बदलता आली पाहिजे. त्यासाठी फेब्रुवारी २०२७ ही मुदत घातली. आपल्याकडे सार्वजनिक पैशातून विजेच्या वाहनांना सवलती दिल्या जातात, त्यांना अशीच अट जोडणे अशक्य का असावे?

आपल्या मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. प्रत्येक सायकलीबरोबर तारांचा नकाशा आणि बिघाड शोधण्याची रीत मराठीत छापून मिळावी. सुटे भाग खुल्या बाजारात यावेत. बाहेर दुरुस्ती केली म्हणून हमी रद्द होऊ नये. तालुक्यातालुक्यांतील आय.टी.आय.मध्ये हे काम शिकवले जावे आणि गावच्या सायकल दुकानदाराला तेथे प्रथम प्रवेश मिळावा.

कायदा होईपर्यंत हात बांधून बसण्याचेही कारण नाही. मेंढ्याने आपले हक्क प्रथम अभ्यासगटात बसून समजून घेतले, मग मिळवले. कार्यकर्त्यांनी आपल्या गावात एक मल्टिमीटर घ्यावा, एक बंद पडलेली सायकल मध्ये ठेवावी आणि चार तरुणांना भोवती बसवावे. या अभ्यासगटाला याहून अधिक साहित्य लागत नाही.