पितळ चमकवणारा घरगुती ड्रम : बनवा जरूर, पण किलोवर काम घेऊ नका



अमेरिकेत नेमबाजांचा एक छंद आहे. गोळी झाडल्यावर जी पितळी पुंगळी उरते ती ते फेकत नाहीत. गोळा करतात, घासून साफ करतात, पुन्हा भरतात आणि वापरतात. एकेक पुंगळी हाताने घासत बसणं परवडत नाही, म्हणून तिथल्या लोकांनी गॅरेजमध्ये पीव्हीसी पाईप, जुनी मोटर आणि दोन रोलर जोडून फिरणारे ड्रम बनवले. त्याला ते टंबलर म्हणतात. यूट्यूबवर असे शेकडो व्हिडिओ आहेत आणि आपली मुलं ते बघून मला विचारतात, "सर, हे मशीन बनवून आपण पितळ पॉलिशचा धंदा करू शकतो का?"

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. काडतुसं, त्यांचे भाग आणि ती बनवायची यंत्रं हे सगळं आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्याखाली येतं. पुंगळ्यांचा विचार डोक्यात असेल तर तो इथेच सोडा. पण पितळ ते पितळच. तोच ड्रम छोट्या समया, निरांजनं, कड्या, बकल, की-चेन, इमिटेशन दागिन्यांचे सुटे भाग चमकवायला चालतो. मालाडच्या इमिटेशनवाल्यांकडे किंवा जामनगरच्या ब्रासपार्टवाल्यांकडे गेलात तर असेच ड्रम दिसतील, फक्त मोठे. तांबट आळीतली ठोक्याची भांडी मात्र यात टाकायची नाहीत. ते हाताचं काम आहे.

माझं मत सरळ आहे. पहिला ड्रम घरी बनवा, कर्ज काढून मशीन घेऊ नका. पण त्या ड्रमवर लोकांचं किलोच्या दराने जॉबवर्कही घेऊ नका. का, ते सांगतो. पण आधी मशीनचं बोलू, कारण व्हिडिओ जसाच्या तसा उतरवला तर गाडी तिथेच अडते.

अमेरिकेत वीज 60 हर्ट्झ आणि आपल्याकडे 50. तिथली साधी चार पोलची मोटर मिनिटाला 1725 फेरे फिरते, आपली साधारण 1440. म्हणजे त्यांच्या पुलीचं माप जसंच्या तसं घेतलं तर तुमचा ड्रम त्यांच्यापेक्षा हळू फिरणार. आणि इथे वेग हेच सगळं आहे. हळू फिरला तर माल तळाशी नुसता घसरत राहतो, घासलाच जात नाही. फार जोरात फिरला तर माल भिंतीला चिकटून ड्रमबरोबर गोल फिरतो, तेव्हाही काही घासलं जात नाही. हा चिकटण्याचा वेग काढायचं सूत्र सोपं आहे : ड्रमचा आतला व्यास मीटरमध्ये घ्या, त्याचं वर्गमूळ काढा, 42.3 ला त्याने भागा. आपला 200 मिलिमीटरचा बोअरचा पाईप आतून साधारण 190 भरतो. उत्तर येतं मिनिटाला 97 फेरे. आपल्याला याच्या निम्म्याच्या आसपास राहायचं, म्हणजे 50.

आता उलटं चला. ड्रम बाहेरून 200, रोलर 25 मिलिमीटरचा. ड्रमचा एक फेरा म्हणजे रोलरचे आठ. ड्रमला 50 हवेत तर रोलरला 400. मोटर 1440 ची, म्हणून मोटरवर 2 इंची पुली आणि रोलरवर 7 इंची. ड्रम 51 च्या आसपास फिरतो. झालं काम! हे गणित एका कागदावर मावतं, पण दहातले आठ जण ते न करताच पुली विकत आणतात.

ड्रमची लांबी फूटभर पुरे. एका टोकाला पक्की कॅप, दुसऱ्या टोकाला उघडणारी, रबरी वॉशर लावून. आत लांबीभर पाईपच्याच तीन-चार पट्ट्या चिकटवा, नाहीतर गुळगुळीत भिंतीवर माल उचललाच जात नाही. रोलरला चार पेडेस्टल बेअरिंग. फ्रेम जुन्या अँगलची चालेल. इथे पैसे वाचवा, अगदी बिनधास्त.

मोटरवर मात्र जरा थांबा. शिलाई मशीनची मोटर नको, ती अशा ओझ्यासाठी नाही. भंगारातली वॉशिंग मशीनची मोटर सगळे सुचवतात. ती चालते, पण पंधरा मिनिटांच्या टायमरवर कपडे धुण्यासाठी बनवलेली असते. सलग दोन तास चालवली तर तापते. प्रयोगापुरती ठीक, रोजच्या कामाला पाव हॉर्सपॉवरची सलग चालणारी मोटर घ्या. आणि पाण्याचा ड्रम, लोखंडी फ्रेम आणि 230 व्होल्ट एकत्र आले की अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी यात काटकसर नाही म्हणजे नाही. हे काम वायरमनकडूनच करून घ्या. घरात लहान मुलं असतात, बेल्टला जाळीपण लावा.

आत काय घालायचं? कोरड्या पद्धतीत मक्याच्या कणसाचा भरडा किंवा अक्रोडाच्या कवचाचा चुरा. ओल्या पद्धतीत स्टेनलेस स्टीलच्या बारीक पिना, पाणी, भांड्यांचं लिक्विड आणि चिमूटभर सायट्रिक अ‍ॅसिड, ढोकळ्यात घालतो तेच लिंबूफूल. मी ओल्या बाजूचा. पिना महाग वाटतात पण वर्षानुवर्षं झिजत नाहीत. दुसरं कारण जास्त मोठं आहे. कातकामाच्या पितळेत सुमारे 3 टक्के शिसं असतं, कारण त्याने कातण सहज सुटते. कोरड्या पद्धतीत उडणारी धूळ घरातच फिरते. अमेरिकेतले लोकही पुंगळ्यांमधल्या शिशाच्या धुळीला घाबरूनच ओल्याकडे वळले. पण मग ते काळं पाणी मोरीत ओतू नका, बादलीत गाळ बसू द्या आणि तो वेगळा साठवा. स्वयंपाकघरातलं पातेलं या कामाला वापरायचं नाही.

अ‍ॅसिड जास्त झालं की पितळ गुलाबी दिसायला लागतं. वरचं जस्त निघून जातं, तांबं उघडं पडतं. घरी चिंचेत भांडं रात्रभर ठेवलं की काय होतं ते आईला विचारा.

आणि अमोनिया असलेला कुठलाही क्लीनर पितळेला लावू नका. यामागे आपल्याच मातीतला किस्सा आहे. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात काडतुसं घोड्यांच्या तबेल्यांमध्ये साठवत. पावसाळा संपल्यावर पुंगळ्यांना आपोआप तडे गेलेले दिसत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि पितळेतला आतला ताण, असं त्याचं कारण 1921 साली उलगडलं. इंग्रजीत त्या दोषाला आजही सीझन क्रॅकिंग म्हणतात, तो सीझन म्हणजे आपला पावसाळा!

आता पैशाचं.

या ड्रममध्ये एका वेळी सव्वा किलो माल बसतो. दोन तास फिरवायचा, मग पिना वेगळ्या करणं, धुणं, पुसणं, वाळवणं यात पाऊण तास. दिवसाला तीन घाणे, म्हणजे पावणेचार किलो. समजा जॉबवर्कचा दर किलोला 60 रुपये मिळाला. दिवसाचे 225. त्यातून वीज, साबण, रिक्षाभाडं वजा करा. दिवसभर ओल्या हाताने उभं राहून ही मजुरी! ज्याच्याकडे शंभर किलोचा ड्रम आहे त्याच्याशी तुम्ही किलोच्या दरात कधीच पुरे पडणार नाही.

तोच ड्रम स्वतःच्या मालाला लावा. समजा 50 ग्रॅमचं एक निरांजन आहे. पावणेचार किलोत 75 नग. काळपट नगापेक्षा चमकवून, पुसून, डबीत घालून दिलेल्या नगाला 10 रुपये जास्त मिळाले तरी दिवसाचे 750. मशीन तेच, मेहनत जवळपास तीच. हे आकडे माझे नमुन्याचे आहेत, तुमच्या गावचे दर तुम्ही टाका. पण किलो आणि नग यातला फरक हाच राहील.

कोणी म्हणेल, मग सरळ मोठं मशीन घेऊ आणि किलोतच उतरू. घ्या ना! पण आधी या छोट्या ड्रमवर तीस घाणे काढा आणि वहीत लिहा : किती माल, किती वेळ, किती नग खराब. घुंगरू टाकलेत तर फटीत पिना अडकतात, एकेक काढताना जीव जातो. पातळ पत्र्याची पानं वाकतात. आट्यांच्या भागांच्या आट्या ठोकल्या जातात. चमकवलेलं पितळ उघडं ठेवलं तर कोकणातल्या हवेत लवकरच पुन्हा काळवंडतं, लॅकरचा खर्च त्यात धरावाच लागतो. ही माहिती मशीन विकणारा देणार नाही. आणि ही वही घेऊन बँकेत गेलात तर मॅनेजरसमोर प्रोजेक्ट रिपोर्टमधले आकडे तुमचे स्वतःचे असतील, कोणाच्या झेरॉक्समधले नाहीत.

ड्रम, पुली आणि पट्ट्यांची मापं व्हिडिओत फळ्यावर काढून दाखवली आहेत. पाईप आणायला जाताना टेप सोबत न्या आणि आतला व्यास दुकानातच मोजा, जाडी कंपनीगणिक बदलते. माप वेगळं आलं तर सूत्रात तेच घाला.