घंटानादापलीकडची भक्ती

नाताळच्या मंगल पर्वात वसईची ख्रिस्तमंदिरे उजळतात. परंतु तेथील धर्मग्रामांचे खरे वैभव त्या रोषणाईत नाही. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, पोर्तुगीज सत्ता गेली. ख्रिस्ती समाज मात्र वाड्या शिंपीत, मराठी बोली जपत याच मातीत राहिला. परस्परसाहाय्यासाठी १९१८ साली त्याने पतपेढी काढली. तीच आजची बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक. पुढे वाड्यांवर इमारतींचे आक्रमण होऊ लागले आणि विहिरींचे पाणी टँकरने उपसले जाऊ लागले, तेव्हा 'सुवार्ता' मासिकाचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या लढ्यात अग्रभागी उभे राहिले. या लढ्यात हिंदू शेजारीही खांद्याला खांदा लावून होते; कारण विहिरीच्या पाण्याला धर्म नसतो. २०२० साली मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविणारे फादर २०२४ साली निवर्तले.

भाविकहो, गाडगेबाबांच्या महाराष्ट्राला ही शिकवण परकी नाही. आपल्या ग्रामदेवतेच्या उत्सवनिधीतील एक वाटा गावच्या विहिरीचा गाळ काढण्यास लागला, तर देवाच्या पूजेत काही उणे पडणार नाही. उलट ती पूजा पूर्णत्वास जाईल.